देखभालीचं बिल

१५ सप्टेंबर २०११ रोजी, अण्णादुराईंच्या जयंतीला, तमिळनाडू सरकारने विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटायला सुरुवात केली. खरेदी एल्कॉट या सरकारी कंपनीमार्फत होत होती आणि आकडा लाखांत होता. या लॅपटॉपमध्ये दोन ऑपरेटिंग सिस्टिम घालून दिलेल्या असत. एक विंडोज, दुसरी बॉस लिनक्स. विंडोजचा परवाना यंत्राच्या किमतीत धरलेला. बॉसचा परवाना शून्य रुपये. मुलांनी बहुधा विंडोजच उघडलं असणार, तो भाग वेगळा. पण हिशेब मांडायला बसलं तर हा शून्य मोठा गमतीचा निघतो, कारण तो खराही आहे आणि खोटाही.

बॉस हे अस्सल चेन्नईचं उत्पादन. २००५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरसाठी तिथे एक राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. आद्याक्षरं जोडून त्याला एनआरसीफॉस म्हणत. त्याचा एक पाय सी-डॅक या सरकारी संस्थेच्या चेन्नई शाखेत आणि दुसरा क्रोमपेटच्या एमआयटी आवारात, अण्णा विद्यापीठाच्या एयू-केबीसी संशोधन केंद्रात. (हे एमआयटी म्हणजे मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, अब्दुल कलाम इथलेच विद्यार्थी.) सी-डॅकच्या इंजिनिअरांनी जानेवारी २००७ मध्ये बॉसची पहिली आवृत्ती काढली. ही सगळी पगारी माणसं, आणि पगार केंद्र सरकारचा. म्हणजे वापरणाऱ्याला फुकट मिळालेल्या या सॉफ्टवेअरचं बिल करदात्याने आधीच भरलं होतं.

पण सगळं बिल नाही. बॉस काही पहिल्या ओळीपासून चेन्नईत लिहिलेली नव्हती. तिचा पाया डेबियन. १९९३ मध्ये सुरू झालेला आणि जगभर विखुरलेल्या स्वयंसेवकांनी चालवलेला हा लिनक्सचा संच. सी-डॅकने त्यावर भारतीय भाषा, फॉन्ट, कीबोर्ड आणि सरकारी कचेऱ्यांच्या गरजा चढवल्या. खालची हजारो पॅकेजेस डेबियनची. लॅपटॉप बनवणाऱ्याला पैसे मिळाले, मायक्रोसॉफ्टला मिळाले, सी-डॅकच्या इंजिनिअरांना पगार मिळाला, खोकी शाळेत पोहोचवणाऱ्या ट्रकवाल्यालाही भाडं मिळालं. डेबियनमधलं एखादं पॅकेज रात्री जागून सांभाळणाऱ्या माणसाला काही मिळालं नाही. यात बेकायदा काही नाही. त्यानेच तसा परवाना दिला होता. मग ओपन सोर्स लिहिणाऱ्याने पैसे मागावेत की नाही?

या प्रश्नावर वाद घालणारे बरेच जण एका गैरसमजावर उभे असतात: परवानाच पैसे घ्यायला बंदी करतो. तसं कधीच नव्हतं. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीची नोकरी सोडली. पुढच्याच वर्षी ते आपल्या ईमॅक्स या संपादकाची टेप टपालाने विकू लागले. किंमत १५० डॉलर. ज्याच्याकडे इंटरनेट होतं त्याने फुकट उतरवून घ्यावं, ज्याच्याकडे नव्हतं त्याने चेक पाठवावा. त्यांच्या जीपीएल परवान्यात प्रतीसाठी हवी ती किंमत लावायची मुभा स्पष्ट शब्दांत दिलेली आहे. अट एवढीच, की घेणाऱ्याला कोड मिळाला पाहिजे आणि तो पुढे वाटायची मोकळीकही मिळाली पाहिजे. त्यामुळे प्रत विकण्याचा धंदा फार काळ चालत नाही, हे खरं. पहिलं गिऱ्हाईकच उद्या फुकट वाटू शकतं. मग विकायचं ते प्रतीखेरीज दुसरं काहीतरी.

ते दुसरं काय असू शकतं, याचं एक नामी उदाहरण एस्क्यूलाइटचं आहे. डी. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये अमेरिकी नौदलाच्या एका कामातून हा छोटा डेटाबेस लिहिला. आज तो प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि प्रत्येक आयफोनमध्ये असतो. त्याच्यावर कॉपीराइटच नाही. तो सार्वजनिक मालमत्ता म्हणून सोडून दिलेला आहे. तरीही हिप यांची कंपनी त्याचं ‘मालकी हमीपत्र’ विकते, काही हजार डॉलरला. का? कारण मोठ्या कंपन्यांच्या कायदा विभागांना ‘हे सगळ्यांचं आहे’ या वाक्यावर झोप येत नाही. त्यांना सही-शिक्क्याचा कागद लागतो. कोड फुकट, कागदाला पैसे. आणि कंपन्या देतात. याखेरीज मोठे वापरकर्ते वर्गणी भरून एका संघाचे सभासद होतात आणि त्या पैशावर मूळ मंडळी पूर्णवेळ काम करतात. कुणाचीही अडवणूक न करता हे जमलेलं आहे.

परवान्याची अडचण नसेल, तर मनाची आहे का? पैसा आला की स्वयंसेवकाची वृत्ती मरते, हा आक्षेप जुना आहे आणि अगदीच पोकळ नाही. बॉसची पहिली आवृत्ती चेन्नईत आकाराला येत होती, नेमकं त्याच सुमारास डेबियनमध्ये यावरून रण माजलं होतं. २००६ मध्ये डेबियनची पुढची आवृत्ती, एच, ४ डिसेंबरला काढायची ठरली होती. डेबियनच्या तारखा चुकतात हे जगजाहीर. म्हणून त्या वेळचे प्रकल्पप्रमुख अँथनी टाऊन्स आणि इतर काहींनी ‘डंक-टँक’ नावाचा प्रयोग केला. देणग्या गोळा करून आवृत्तीची जबाबदारी असलेल्या दोघांना एकेक महिना पूर्णवेळ कामाचे पैसे द्यायचे. हेतू स्वच्छ होता. परिणाम उलटा झाला. बाकीच्यांना वाटलं, आम्ही वर्षानुवर्षं फुकट राबतो आणि पैसे मात्र या दोघांना? काहींनी जाहीर विरोध केला, काहींनी आपलं काम हळू केलं. एच बाहेर पडली ८ एप्रिल २००७ला. ठरल्यापेक्षा चार महिने उशिरा.

पैशाच्या विरोधकांना हा किस्सा तोंडपाठ असतो. ते त्याचा उत्तरार्ध सांगत नाहीत.

त्याच डेबियनमध्ये २०१४ पासून लोकांना रीतसर तासावर पैसे मिळतात आणि कुणी बंड केलेलं नाही. डेबियनची एखादी आवृत्ती साधारण तीन वर्षांनी नेहमीच्या मेंटेनरांच्या हातून सुटते. पुढे तिच्यात सुरक्षेची भोकं सापडली तर ती बुजवायला स्वयंसेवक तयार नसतात, आणि त्यात नवल नाही. जुन्या कोडमध्ये नव्या दुरुस्त्या बसवणं हे अत्यंत कंटाळवाणं, बिनश्रेयाचं काम आहे. पण बँका, विद्यापीठं, होस्टिंग कंपन्या यांना तीन वर्षांत सगळे सर्व्हर बदलणं परवडत नाही. फ्रान्समधल्या फ्रेक्शियन या छोट्या कंपनीने ही गरज हेरली. गरजू कंपन्यांकडून वर्गणी गोळा करायची, डेबियनच्याच माणसांना तासांचं काम वाटून द्यायचं, आणि कोणी किती तास काय केलं याचा अहवाल दर महिन्याला उघड्यावर मांडायचा. दुरुस्ती मात्र सगळ्यांना फुकट, वर्गणी न भरणाऱ्यालाही. अशा रीतीने आवृत्तीचं आयुष्य पाच वर्षांवर गेलं. त्याहून पुढची वर्षं हवी असतील त्यांच्यासाठी वेगळा, पैसे देऊनच मिळणारा करार.

दोन्हीकडे पैसाच होता. पहिल्या वेळी तो अशा कामासाठी दिला गेला, जे इतर शेकडो जण आनंदाने आणि फुकट करत होते. दुसऱ्या वेळी अशा कामासाठी, जे कुणालाच नको होतं. ओपन सोर्समध्ये पैसे मागावेत का, याचं या प्रकरणातलं उत्तर याच फरकात आहे. मागावेत, आणि मुख्यतः देखभालीचे मागावेत.

आपल्याकडे सोसायटीच्या लिफ्टला एएमसी असते. वातानुकूलन यंत्राला असते, इन्व्हर्टरला असते, कचेरीतल्या झेरॉक्स मशीनलाही असते. वार्षिक देखभाल करार ही इतकी सवयीची गोष्ट आहे, की सरकारी निविदेत तिचा रकाना छापूनच येतो. मशीन बंद पडलं तर किती तासांत माणूस यायला हवा आणि नाही आला तर दंड किती, हेही लिहिलेलं असतं. त्याच कचेरीतल्या सर्व्हरवर चालणाऱ्या ओपन सोर्सच्या नावापुढे हा रकाना रिकामा राहतो. ‘फुकट आहे ना?’ या उद्गारात विषय संपतो.

रिकाम्या रकान्याची किंमत काय असते, ते जगाने दोनदा तरी नीट पाहिलंय. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली ‘हार्टब्लीड’ ही चूक उघड झाली. इंटरनेटवरचे बँकव्यवहार, ईमेल, पासवर्ड ज्या कुलपाच्या भरवशावर चालत होते, त्या कुलपाच्या संस्थेला वर्षाला देणग्यांतून मिळत होते सुमारे २००० डॉलर. पूर्णवेळ माणूस एक. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्या या एका माणसावर विसंबून होत्या आणि त्यांना ते माहीतही नव्हतं. नाचक्की झाल्यावर लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांकडून निधी उभा केला.

दुसरी घटना जास्त अस्वस्थ करणारी. एक्सझेड हे फाइल आवळून लहान करणारं सॉफ्टवेअर. लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक संचात असतं. फिनलंडचे लासे कॉलिन ते अनेक वर्षं एकहाती, बिनपगारी सांभाळत होते. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे तगादा लावला: कामं रेंगाळतायत, दुसऱ्या कुणाला हाताशी घ्या. कॉलिन यांनी आपली तब्येत ठीक नसल्याचं आणि हा बिनपैशाचा छंद असल्याचं मोकळेपणाने सांगितलं होतं. हाताशी आला ‘जिया टॅन’ नावाचा एक कष्टाळू, नम्र मदतनीस. दोन-अडीच वर्षं त्याने चोख काम करून विश्वास कमावला, आणि २०२४च्या सुरुवातीला नव्या आवृत्तीत चोरदरवाजा बसवला. तो डेबियनच्या चाचणी शाखांपर्यंत पोहोचलाही. मार्चच्या अखेरीस अँड्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरला आपल्या यंत्रावर लॉग-इनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं, म्हणून त्यांनी खणून पाहिलं आणि सगळं बाहेर आलं. जिया टॅन कोण होता, हे जगापुढे आलेलं नाही. पैसे मिळत असते तर हे टळलं असतं, असं छातीठोक सांगता येणार नाही. पण दमलेला, एकटा, बिनपगारी माणूस गाठणं सोपं असतं, हे त्यामागे जे कुणी होते त्यांनी बरोबर ताडलं होतं.

पुन्हा चेन्नईकडे. क्रोमपेटच्या ईशान्येला, गिंडीच्या रानाला लागून आयआयटी मद्रासचं आवार आहे. इथे पैसा आणि मोकळा कोड यांची गाठ गेल्या दहा वर्षांत अनेक तऱ्हांनी पडली.

‘शक्ती’ हा तिथला प्रोसेसरचा प्रकल्प. २०१४च्या सुमारास प्रा. व्ही. कामकोटी यांच्या गटाने तो हाती घेतला. कामकोटी आता संस्थेचे संचालक आहेत. प्रोसेसर म्हणजे चिप, पण चिप घडायच्या आधी तिचा आराखडा कोडच्या रूपात लिहिला जातो, आणि शक्तीचा हा कोड बीएसडी परवान्याखाली सगळ्यांना खुला आहे. कुणीही घ्यावा, बदलावा, विकावा, आपला बदल लपवून ठेवला तरी चालेल. पाया बर्कलेच्या रिस्क-व्ही या खुल्या सूचनासंचाचा. सरकारी निधीवर २०१८ मध्ये या आराखड्याच्या चिप प्रत्यक्ष बनल्या: एक इंटेलच्या अमेरिकेतल्या कारखान्यात २२ नॅनोमीटरवर, दुसरी चंडीगडजवळच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरवर.

यात एक बारीक गंमत आहे. शक्तीचा आराखडा ब्लूस्पेक या भाषेत लिहिलेला. ती भाषा चिपच्या भाषेत उतरवणारा कंपायलर मात्र २०२० पर्यंत एका खासगी कंपनीचा होता आणि परवान्याशिवाय मिळत नसे. म्हणजे पुस्तक सगळ्यांना वाचनालयात उपलब्ध, पण चष्मा विकत. त्या वर्षी कंपनीने कंपायलरही खुला केला, आणि मगच शक्तीचं खुलेपण बाहेरच्या एकट्या-दुकट्या माणसाला खरोखर वापरता येण्याजोगं झालं.

शक्तीवर काम केलेल्या मंडळींपैकी नील गाला, जी. एस. मधुसूदन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये इनकोअर सेमीकंडक्टर्स ही कंपनी काढली. ती प्रोसेसरचे गाभे घडवून, तपासून, गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे बेतून विकते. खुल्या कोडच्या चिपमध्ये खरा खर्च असतो तो पडताळणीचा. चिप एकदा छापून आली की चूक दुरुस्त करणारं अपडेट पाठवता येत नाही. म्हणून आराखडा फुकट मिळत असला तरी ‘हा चालतो, आम्ही तपासलाय, अडलं तर आम्ही आहोत’ या वाक्यासाठी कंपन्या पैसे मोजतात. दुसरी कंपनी माइंडग्रोव्ह टेक्नॉलॉजीज, २०२१ची, चेन्नईचीच. तिने शक्तीच्या सी-क्लास गाभ्यावर बेतलेली ‘सिक्युअर आयओटी’ ही चिप २०२४ मध्ये जाहीर केली. इथे तर मूळ खुला कोड आणि शेवटचा विकाऊ माल यांच्यामध्ये उघडउघड बाजार आहे आणि त्यात कुणाची फसवणूक नाही.

त्याच आवारातला एआय-फॉर-भारत हा गट वेगळ्या खिशावर चालतो. २०२२ मध्ये रोहिणी आणि नंदन निलेकणी यांनी त्याला ३६ कोटी रुपये दिले. या गटाने २०२३ मध्ये इंडिकट्रान्स-२ हे अनुवादाचं प्रतिमान खुलं केलं. राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषा त्यात आहेत, मराठीही आणि कोंकणीही. मराठीसाठी अनुवादाचं अॅप लिहायला बसलेल्या कुणाही मुलाला ते आज फुकट उतरवता येतं. पण अशा कामात सर्वांत महाग असतात ती माणसं, जी बसून हजारो वाक्यांचा नेटका अनुवाद करतात. ती पगारी असल्याशिवाय भागत नाही. गटाचे एक संस्थापक प्रत्युष कुमार यांनी २०२३ मध्येच विवेक राघवन यांच्यासोबत सर्वम ही कंपनी काढली आणि वर्ष संपायच्या आत गुंतवणूकदारांकडून काही कोटी डॉलर उभे केले. म्हणजे सरकार, दानशूर आणि गुंतवणूकदार, तिन्ही खिसे चेन्नईतल्या एकाच आवारातल्या माणसांभोवती सापडतात.

या तिघांची एक खोड सारखीच आहे. तिघांनाही नवं आवडतं. उद्घाटन, पहिली आवृत्ती, पहिली चिप, देशात पहिलं. सहाव्या वर्षी कुणीतरी बसून जुन्या पॅकेजमधला दोष काढतोय, याचा फोटो छापून येत नाही. म्हणून देखभालीचा पैसा आला तर तो वापरणाऱ्याकडूनच यायला हवा, कारण दोषाचा त्रास त्यालाच होतो.

महाराष्ट्रात हे गणित बऱ्यापैकी सुटलेलं उदाहरण मुंबईत आहे. रुषभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या धंद्यासाठी हिशेब, साठा, विक्री सांभाळणारं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं, आणि त्यातून फ्रापे ही कंपनी आणि ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर उभं राहिलं. परवाना जीपीएल. सगळा कोड खुला, कुणाही कारखानदाराने आपल्या यंत्रावर चढवावा. फ्रापे पैसे घेते ते सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर चालवून देण्याचे आणि सपोर्टचे. रात्री दोन वाजता बॅकअप झालाय की नाही, ही काळजी ज्याला नको असेल तो महिन्याचे पैसे भरतो. भोसरीतला किंवा कोइमतूरचा छोटा कारखानदार जेव्हा अशी वर्गणी भरतो, तेव्हा तो दान करत नसतो. आपली डोकेदुखी दुसऱ्याला देत असतो.

पुण्यात याहून जुनी गोष्ट घडली होती. मॉड्युलर इन्फोटेक हे नाव मराठी छापखान्यांना श्री-लिपीमुळे माहीत आहे, आणि श्री-लिपी म्हणजे संगणकाला लावायचं ते कुलूपही. कुलूप नसेल तर अक्षर उमटत नसे. त्याच कंपनीने घडवलेले काही भारतीय फॉन्ट रेड हॅटने घेतले आणि २००४ मध्ये ‘लोहित’ या नावाने मोकळे केले. पहिल्या पाचांत देवनागरी होता, तमिळही होता. फॉन्ट घडवणाऱ्याला त्याचे पैसे मिळाले आणि लिनक्स वापरणाऱ्या प्रत्येकाला आपल्या लिपीत वाचता आलं. त्यानंतर अनेक वर्षं रेड हॅटच्या पुणे कचेरीतल्या पगारी इंजिनिअरांनी हे फॉन्ट आणि मराठीकरण सांभाळलं. रेड हॅटचा सगळा धंदाच सपोर्टच्या वर्गणीवर उभा होता, आणि २०१९ मध्ये आयबीएमने ती कंपनी ३४ अब्ज डॉलरला घेतली. देखभाल विकून पोट भरत नाही असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पैसे मागण्याची एक वाट मात्र वाईट आहे, आणि अलीकडे तिच्यावर गर्दी वाढली होती. दहा वर्षं खुल्या परवान्याखाली जगभरचे हातभार घ्यायचे, सगळे वापरू लागले की परवाना बदलायचा. हॅशिकॉर्प कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या आपल्या सॉफ्टवेअरचं असं केलं. काही आठवड्यांत ओपनटोफू ही फुटून निघालेली आवृत्ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली उभी राहिली. रेडिस या डेटाबेसच्या कंपनीने मार्च २०२४ मध्ये तेच केलं, वॅल्की ही फुटीर आवृत्ती जन्मली, आणि मे २०२५ मध्ये रेडिसला पुन्हा खुल्या परवान्याकडे यावं लागलं. या कंपन्यांची तक्रार खोटी नव्हती. अॅमेझॉनसारखे क्लाउडवाले त्यांचाच कोड भाड्याने देऊन त्यांच्याहून जास्त कमावत होते. पण शिक्षा झाली ती छोट्या वापरणाऱ्यांना आणि ज्यांनी विश्वासाने कोड दिला होता त्यांना. कोडवर पहारा बसवून घेतलेला पैसा आणि श्रमाचा घेतलेला पैसा यांत फरक केलाच पाहिजे.

भारतातल्या एकट्या डेव्हलपरपुढे आणखी एक अडचण उभी असते, ती कागदपत्रांची. आणि इथे नियम वाचले तर एक अनपेक्षित गोष्ट हाती लागते: आपल्याकडे दान घेण्यापेक्षा फी घेणं सोपं आहे. ओपन सोर्ससाठी संस्था काढली आणि परदेशातून देणगी घ्यायची म्हटलं, तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते, आणि ती मिळवणं हे स्वतंत्र काम आहे. नेहमीच्या व्यवसायात दिलेल्या सेवेचं शुल्क मात्र त्या कायद्यात परदेशी देणगी धरलं जात नाही. व्यक्तीला नातेवाइकांबाहेरून वर्षाला ५०,००० रुपयांहून जास्त भेट मिळाली तर ती करपात्र उत्पन्न होते. म्हणजे ‘देणगी’ म्हटल्याने कर वाचतो असंही नाही. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर साधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही, आणि परदेशी गिऱ्हाइकाला दिलेली सेवा निर्यात ठरली तर तिच्यावर कराचा दर शून्य. कंपन्यांचा सीएसआरचा पैसा आयआयटीसारख्या संस्थेकडे जाऊ शकतो. घरी बसून पॅकेज सांभाळणाऱ्या माणसाकडे तो जाऊ शकत नाही. त्याला उपयोगी पडतं ते साधं बिल.

दुसऱ्या बाजूनेही तसंच आहे. पुण्या-चेन्नईतल्या एखाद्या कंपनीच्या इंजिनिअरला वाटलं, या लायब्ररीच्या लेखकाला काही द्यावं, तर ‘डोनेट’ बटणाचं तो करणार काय? अकाउंट्स विभागाला पीओ नंबर लागतो, व्हेंडर म्हणून नोंद लागते, पॅन लागतो, बिल लागतं. दान कोणत्या खात्याला टाकायचं हे तिथे कुणाला माहीत नसतं. ‘वार्षिक देखभाल, एक नग’ असं लिहिलेलं बिल मात्र कुणाच्या भुवया न उंचावता मंजूर होतं.

झिरोधा या शेअर दलाली कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लॉस-फंड जाहीर केला: वर्षाला १० लाख डॉलर, एकेका प्रकल्पाला १०,००० ते १ लाख डॉलर. भारतीय कंपनीने उचललेलं हे पाऊल मोठं आहे. आपला धंदा ओपन सोर्सवर उभा आहे हे ती कंपनी उघड सांगते आणि त्याचे पैसेही देते. तरीही एका कंपनीच्या मर्जीवर सगळ्यांचं भागणार नाही.

खरं मोठं गिऱ्हाईक सरकार आहे, आणि ते सगळ्यांत कमी देतं. केंद्राने २०१५ मध्ये ओपन सोर्सच्या वापराचं धोरण आणलं. सरकारी यंत्रणांनी आधी खुलं सॉफ्टवेअर पाहावं, असं त्यात म्हटलंय. केरळने २०१९ मध्ये शाळांतल्या दोन लाखांहून जास्त संगणकांवर लिनक्स चढवून ३००० कोटी वाचल्याचा हिशेब मांडला. बचतीचा आकडा प्रत्येक जण काढतो. त्या बचतीतला शंभरावा हिस्सा मूळ कोड सांभाळणाऱ्यांना द्यावा, असा रकाना निविदेत कुणी छापत नाही. छापला तरी बयाणा रक्कम, तीन वर्षांची उलाढाल, अनुभवाचे दाखले या अटींतून एकटा माणूस पार होणार नाही. त्यासाठी सी-डॅकसारख्या संस्थेनेच मधली आढत धरावी: शासनाकडून एएमसी घ्यावी आणि फ्रेक्शियनसारखी, तासांचा अहवाल उघड ठेवून, ज्याच्या त्याच्या हातात द्यावी. चेन्नई शाखेकडे डेबियनचा एवढ्या वर्षांचा अनुभव आहे. तिने हे करायला हरकत नाही.

तोवर डेव्हलपरने वाट पाहत बसू नये. ज्याचा कोड दोन-चार कंपन्या तरी वापरतात, त्याने आपल्या रीडमी फाइलमध्ये सपोर्टचा एक परिच्छेद लिहावा: वर्षाचा दर रुपयांत आणि डॉलरमध्ये, कोणत्या आवृत्त्या सांभाळणार, तक्रारीला किती दिवसांत उत्तर, बिल मिळेल की नाही. विद्यार्थी, शाळा आणि हौशी माणसं यांना सगळं पूर्वीसारखंच फुकट, हेही तिथेच लिहावं. आणि पहिलं दरपत्रक पाठवावं त्या कंपनीला, जिच्या इंजिनिअरने शेवटचा बग कळवताना ‘अर्जंट’ असं लिहिलं होतं.